जनुकावर मालकी कोणाची?

स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष हे त्याचे एक प्रमुख कारण. रक्ताच्या नमुन्यातून तो ओळखता येतो. पण अमेरिकेत २०१३ पर्यंत ही तपासणी मुख्यतः एकाच कंपनीच्या हाती होती. मिरियड जेनेटिक्सकडे या जनुकांची पेटंटे होती आणि त्यांच्या जोरावर तिने इतर प्रयोगशाळांना तपासणी थांबवायला लावली. खर्च तीन हजार डॉलरच्या वर. बीजांडकोश काढून टाकण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी म्हटले, तर तीही सोय नव्हती.

२००९ मध्ये या मक्तेदारीविरुद्ध दावा दाखल झाला. दावेदारांत रुग्ण होते, संशोधक होते. पण पहिले नाव होते ‘असोसिएशन फॉर मॉलिक्युलर पॅथॉलॉजी’चे. जनुकीय तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांची आणि शास्त्रज्ञांची ही संघटना. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: निसर्गात असलेला डीएनए केवळ शरीरातून वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या सीडीएनएला मात्र ते मिळू शकते. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी ही तपासणी सुरू करत असल्याचे जाहीर केले.

प्रयोगशाळा वाढल्या की नवा प्रश्न येतो. एकच जनुकीय बदल एकीने घातक म्हटला आणि दुसरीने निरुपद्रवी, तर रुग्णाने काय करावे? म्हणून २०१५ मध्ये याच संघटनेने अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेबरोबर एक सामाईक पद्धत ठरवली. प्रत्येक बदल पाचपैकी एका श्रेणीत बसवायचा: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांचे अहवालही याच श्रेणींत येतात.

यातील मधली श्रेणी नीट समजून घ्यावी. ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे दोष सापडला, असे नव्हे. केवळ तेवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. घराण्यातील आजारांचा इतिहास घेऊन जनुकीय समुपदेशकाला किंवा तज्ज्ञ डॉक्टरांना भेटावे. अहवाल जपून ठेवावा आणि वर्ष-दोन वर्षांनी श्रेणी बदलली का, हे विचारावे. नवी माहिती जमा होते तशी ती बदलू शकते.