दाखला नागरिकत्वाचा

१९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुसी सुसांतीने बॅडमिंटनच्या महिला एकेरीचं सुवर्णपदक पटकावलं. इंडोनेशियाचं हे पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्याच दिवशी पुरुष एकेरीत ॲलन बुदिकुसुमाही अजिंक्य ठरला. दोघंही चिनी वंशाचे, पण जन्माने इंडोनेशियन. तरीही त्यांच्या समाजाला पासपोर्टसारख्या साध्या कामासाठी नागरिकत्वाचा वेगळा दाखला जोडावा लागे. शेजारच्या जावानीज कुटुंबाकडे तो कुणी मागत नसे.

या भेदभावाची मुळं डच राजवटीत आहेत. डचांनी प्रजेची वंशवार वर्गवारी केली आणि चिनी व्यापाऱ्यांना स्थानिकांपासून वेगळं ठेवलं. १९६५च्या कम्युनिस्टविरोधी रक्तपातानंतर जनरल सुहार्तो सत्तेवर आले आणि चिनी वंशाच्या लोकांवर कम्युनिस्ट चीनशी लागेबांधे असल्याचा शिक्का बसला. चिनी शाळांना टाळं लागलं. १९६७च्या आदेशाने सणवार घराच्या चार भिंतींत कोंडले गेले. नावं बदलण्यासाठी दबाव आला, तेव्हा लोकांनी नव्या नावात जुनं कुळ जपून ठेवलं: लिमचे सालिम किंवा हालिम झाले, तानचे सुतांतो.

स्वयंपाकघरावर मात्र कुणाचा हुकूम चालला नाही. चिनी नववर्षाच्या पंधराव्या दिवशी जावामधल्या चिनी घरांत 'लोंतोंग चाप गो मे' होतं. केळीच्या पानात शिजवलेल्या भाताच्या वड्या आणि नारळाच्या दुधातली कोंबडी, असा हा बेत. सण चिनी, ताट जावाचं. या ताटातलं चिनी किती आणि जावानीज किती, हे वेगळं काढता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या माणसांचंही तसंच आहे.

मे १९९८मध्ये आर्थिक संकटाचा राग याच लोकांवर निघाला. जकार्तातल्या ग्लोडोक भागात दुकानं लुटली, जाळली गेली. चिनी वंशाच्या स्त्रियांवर बलात्कार झाले. दंगलीत हजारावर माणसं गेली. याच महिन्यात हाँगकाँगमध्ये इंडोनेशियाने बॅडमिंटनचा थॉमस चषक जिंकला आणि त्या संघात चिनी वंशाचे खेळाडू होते. घर पेटलेलं असताना ही मुलं देशासाठी खेळत होती.

पुढे दिवस पालटले. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २०००मध्ये १९६७चा आदेश रद्द केला. २००३पासून चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुट्टी मिळू लागली. २००६च्या कायद्याने जन्मजात नागरिकांमधला वंशभेद पुसला. तरीही २०१७च्या निवडणुकीत जकार्ताचे चिनी वंशाचे ख्रिस्ती गव्हर्नर अहोक यांचा वंश आणि धर्म प्रचाराचा मुद्दा झालाच.

एखाद्या समाजाने देशप्रेम सिद्ध करत राहावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. खेळाडूने पदक आणावं, दुकानदाराने दुकान चालवावं. नागरिक म्हणून दोघांचा हक्क सारखाच. कायद्याने ही बरोबरी मान्य केली आहे. ती मतदानाच्या रांगेत आणि शेजारपाजारात पाळणं आता इंडोनेशियाच्या बहुसंख्याकांच्या हाती आहे.