ट्रेकची सॅक किचनच्या ओट्यावर!

डोंगरावर दहा मिनिटांत गरमागरम जेवण होतं. मग ऑफिसातून दमून आल्यावर का नाही?

रात्रीचे साडेनऊ. क्लोजिंगचा आठवडा. बँकेतून सुटून ती रूमवर पोचते, तेव्हा मेस केव्हाच बंद झालेली असते. भाजी चिरायचं त्राण नसतं. मग बिस्किटं, फरसाण, नाहीतर पाकिटातल्या नूडल्स... आणि गुडनाइट!

ही माझी मैत्रीण. मूळची पुण्याची, पोस्टिंग नवापूरला. हो, तेच नवापूर, जिथे रेल्वे स्टेशनवरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे! त्या बाकावर बसून फोटो काढणं पहिल्याच रविवारी उरकलं. रात्रीच्या जेवणाचा प्रश्न मात्र सुटेना. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं, अॅसिडिटी मागे लागली आणि ट्रान्सफरचा अर्ज टाइप करून तयार झाला.

हिवाळ्यात ती कॉलेजच्या जुन्या ग्रुपबरोबर कळसूबाईला गेली. रात्री कुडकुडत, एका छोट्या स्टोव्हवर, एकाच भांड्यात सगळ्यांचं जेवण झालं. परत आल्यावर तिचा मला फोन, ‘‘अगं, तिथे वाऱ्यात बसून मी पोटभर जेवते. आणि इथे गॅस, पाणी, डोक्यावर छप्पर असून उपाशी झोपते. मी वेडी आहे का?’’

वेडी नाही. तिच्या सॅकमधलं शहाणपण किचनपर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

ओझं कशाचं? पाण्याचं!

ट्रेकरच्या खाण्याचं लॉजिक सोपं आहे. टोमॅटोत जवळपास ९४ टक्के पाणीच असतं. ते पाठीवर कशाला वाहायचं? पाणी काढून टाकलं की वजन घटतं आणि पदार्थ टिकतो, कारण ओलाव्याशिवाय बुरशी आणि जंतू वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट इंधनाची. जितकं उंच जाल, तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. तिथे कच्ची डाळ शिजवत बसलात, तर सूर्योदय होईल! म्हणून ट्रेकर आधीच भाजलेलं किंवा शिजवून वाळवलेलं सामान नेतो. वेळखाऊ काम घरी, फुरसतीत झालेलं असतं. वर फक्त गरम पाणी.

ऑफिसातून थकून येणाऱ्याची गरज वेगळी काय आहे? रविवारी एक तास द्यायचा आणि सोमवार ते शुक्रवार दहा मिनिटांत जेवायचं.

मावशींचे डबे

पहिल्या रविवारी मैत्रिणीने तूरडाळ कोरडी भाजून जाडसर दळून आणली. नवापूरच्या तूरडाळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे माल शोधायला लांब जावं लागलं नाही! दोन मोठे चमचे पीठ, दीड कप पाणी, हिंग, हळद, मीठ. गाठी मोडून घ्यायच्या आणि ढवळत आठ-दहा मिनिटं उकळायचं. झालं वरण! सोबत जाडे पोहे, दाणे आणि कढीपत्ता मंद आचेवर भाजून, मीठ-हळद घालून डबा भरला. एक वाटी मिश्रणाला पाऊण वाटी उकळतं पाणी घालायचं आणि पाच मिनिटं झाकण. पोहे बनतानाच भाताला वाफ मिळालेली असते, त्यामुळे ते शिजवावे लागत नाहीत.

मोठ्या कौतुकाने तिने हे घरमालकीण मावशींना दाखवलं. मावशी हसल्या. ‘‘बस, एवढंच? ये इकडे.’’ आणि फडताळातले डबे उघडले. मूगवड्या, बिबडे, कुरडया, वाळवलेली मेथी, वाळवलेली गवार. ‘‘पावसात भाजी मिळाली नाही तर आम्ही काय करत होतो गं?’’

खान्देशातलं हे उन्हाळी वाळवण म्हणजे अस्सल डीहायड्रेटेड फूड! मूगवड्या तेलात परतून, तिखट-मीठ आणि पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं शिजवल्या की प्रोटीनवाली भाजी तयार. वाळलेली मेथी थेट उकळत्या वरणात टाकायची. आणि कांदा? जळगावात तर कांदा वाळवण्याचे कारखानेच आहेत. वाळलेल्या कांद्याचे फ्लेक्स बाजारात मिळतात, रडायचं कामच नाही.

पाकिटं आणायची की नाही?

‘रेडी टू ईट’ पाकिटांना नाकं मुरडायचं कारण नाही. त्यामागचं बरंचसं काम १९६१मध्ये म्हैसूरला सुरू झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने जवानांसाठी केलं. पाकीट सीलबंद करून १२० अंशांच्या आसपास तापवतात. जंतू मरतात आणि फ्रिजविना पदार्थ महिनोन्‌महिने टिकतो.

पण मंडळी, एक गोष्ट विसरू नका. सात तास चढणाऱ्याला घामावाटे गेलेलं मीठ भरून काढायचं असतं आणि भरपूर कॅलरीज हव्या असतात. आपण एसीत खुर्चीवर बसलेलो असतो! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगते. त्यातला मोठा वाटा एकाच पाकिटात संपू शकतो. तेव्हा मागचं लेबल वाचा. चिक्की, सुकामेवा, तूप हे सॅकमध्येच शोभतं. ट्रेकची युक्ती घरी आणा, ट्रेकची भूक नको.

आणि रोज फक्त कोरड्यावर राहू नका. वरणावर लिंबू पिळा, सोबत एक काकडी, एक फळ. वाळवताना ‘सी’ व्हिटॅमिन बरंच कमी होतं, ते ताज्यातूनच येणार.

मैत्रिणीचं वजन आता परत जागेवर येतंय. अॅसिडिटीच्या गोळ्या बंद झाल्यात. ट्रान्सफरचा अर्ज? अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. ‘‘टाकेन कदाचित,’’ ती म्हणते, ‘‘पण उपाशी आहे म्हणून नाही.’’

रविवारचा एक तास

* भाजलेलं सामान पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. वाफ कोंडली की बुरशी आलीच.
* तेलाची फोडणी घातलेलं मिश्रण लवकर खवट होतं. थोडंच करा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.
* डब्यावर तारीख आणि पाण्याचं प्रमाण लिहा. रात्री दहाला डोकं चालत नाही!
* ओला चमचा डब्यात घालायचा नाही. रूममेटलाही सांगा.
* पावसाळ्यात नवीन वाळवण नको. तेव्हा भाजलेली पिठं आणि पोह्यांवर भागवा.
* वास किंवा रंग बदलला, तर चव बघत बसू नका. सरळ फेका.