एमएसच्या रुग्णाने पडूनच राहावे का? घरच्या घरी ताकद टिकवता येते

जोयडा : हातापायांना मुंग्या, एका डोळ्याला अचानक अंधुक दिसणे, चालताना तोल जाणे आणि झोपूनही न जाणारा थकवा. मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएसची ही लक्षणे. निदान झाले की घरचे हमखास सांगतात, ‘आता काही करू नको, पडून राहा.’ मायेने दिलेला हा सल्लाच पुढे नडतो.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचे प्लास्टिक निघाल्यावर व्हावे तसे मेंदूचे संदेश अडखळतात. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. महिलांत प्रमाण जास्त आहे.

पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. श्रमानंतर रुग्णाची नजर अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते; अंग तापले की लक्षणे वाढतात. मात्र ही वाढ तात्पुरती असते. अंग थंड झाले की ती ओसरते.

मुळात रुग्णाचा अशक्तपणा दोन प्रकारचा असतो. एक आजाराने आलेला, दुसरा बसून राहिल्याने आलेला. यातला दुसरा भरून काढता येतो. डेन्मार्कमधील उलरिक दालगास व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ आठवड्यांच्या व्यायामाने रुग्णांच्या पायांची ताकद तसेच चालणे, जिना चढणे सुधारले. आजार बरा होत नाही, औषधेही सुटत नाहीत. पण स्वतःचे स्वतः उठता येणे काही कमी नाही.

काय करावे?

सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांसाठी २०१३ च्या कॅनडातील मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. जिमच लागते असे नाही.

– भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठणे-बसणे
– भिंतीवर हात टेकून अंग पुढे-मागे करणे
– पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन उचलणे
– आधार धरून टाचा वर उचलणे

प्रत्येक प्रकार १० ते १५ वेळा, मधे दम घेऊन. जमू लागले की हळूहळू वाढवावे. दोन दिवसांच्या मधे एक दिवस तरी सोडावा.

काय जपावे?

एप्रिल-मेच्या उकाड्यात व्यायाम पहाटे करावा. पंखा, गार पाणी, मानेवर ओला टॉवेल ठेवावा. तोल जात असेल तर सोबत कुणीतरी हवेच. नवी लक्षणे २४ तासांहून अधिक टिकली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे.

जोयडा तालुक्यातील वस्त्या जंगलात विखुरलेल्या. कारवार, हुबळी, बेळगाव किंवा अनमोड घाटाने गोवा गाठायचे, तर दिवस मोडतो. दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टकडे जाणे परवडणारे नाही. म्हणून तपासणीला गेल्यावरच घरचे एक माणूस सोबत नेऊन व्यायाम शिकून घ्यावा, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून आणावा.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे.

घरच्यांनी आधार जरूर द्यावा. पण रुग्णाला जे काम स्वतः जमते, ते त्याच्या हातून काढून घेऊ नये.