नळी स्वस्त असू द्या, पण लांब नको

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्र पाहायला जाणारी कुटुंबे आता गावोगावी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत कुणी मालवण-तारकर्लीला जाते, कुणी गोव्याला, तर कुणी वर्षभर पैसे साठवून अंदमानला. तिथे स्नॉर्केलिंग करायचे हेही घरूनच ठरलेले असते. पाण्यावर पालथे तरंगायचे, तोंडात नळी धरायची आणि डोळ्यांवरच्या काचेतून खालचे प्रवाळ, मासे बघायचे. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून खोल जाणे म्हणजे स्कूबा. ते वेगळे.

सामानाची खरेदी मात्र मोबाईलवरच करावी लागते, कारण इथल्या बाजारात हाताळून बघायला ते सहसा मिळत नाही. काही शे रुपयांच्या नळीपासून काही हजारांच्या, सगळा चेहरा झाकणाऱ्या मुखवट्यापर्यंत शेकडो वस्तू समोर येतात. मग महाग ते सुरक्षित असे गृहीत धरले जाते, किंवा ज्याला जास्त तारे मिळाले ते घेतले जाते. खरे तर ही निवड फुप्फुसांकडे बघून करायला हवी, आणि त्या हिशेबात साधी, स्वस्त नळी बऱ्याचदा उजवी ठरते.

नळीने श्वास घेण्यात निसर्गातला उस्ताद म्हणजे हत्ती. २०२१ मध्ये गडचिरोलीत उतरलेला रानटी हत्तींचा कळप पुढे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यातही फिरून गेला, तेव्हा धानाच्या बांध्यांतली त्यांची पावले अनेकांनी पाहिली. हा प्राणी नदी पार करताना सोंड वर काढतो आणि बाकी सगळा पाण्याखाली जातो. त्याची छाती तेव्हा पृष्ठभागापासून दोनेक मीटर खाली असू शकते. माणसाने हे केले तर फुप्फुसांभोवतीच्या नाजूक आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या तो ताण सोसू शकणार नाहीत. हत्तीच्या शरीरात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये आपल्यासारखी मोकळी फट नसते. ती संयोजी ऊतीने भरलेली असते. या रचनेचा संबंध सोंडेने श्वास घेत पोहण्याशी असावा, असे अमेरिकेतील श्वसनशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी मांडले.

आपल्याकडे ती सोय नाही. एक मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा जादा दाब देते. छातीचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर हे ओझे ९० किलोंचे होते. म्हणजे चाळीस-चाळीस किलोचे धानाचे दोन कट्टे आणि वर आणखी दहा किलो! नळीतली हवा मात्र वरच्याच दाबाची. छाती फुगवायची तर एवढे ओझे दर श्वासाला उचलावे लागेल. धडधाकट तरुण जास्तीत जास्त जोर लावून जेवढे खेचू शकतो, ती मर्यादा साधारण इथेच येते, आणि तेही एखाददुसऱ्या श्वासापुरते. कमळाच्या देठातून श्वास घेत तळ्यात दडून बसणारे वीर गोष्टींतच शोभतात. बागेचा पाइप किंवा प्लंबिंगची पीव्हीसी नळी जोडून मुलांना असला खेळ करू देऊ नये.

दाब बाजूला ठेवला तरी लांब नळीत दुसरी अडचण आहेच. मोठा माणूस शांतपणे एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. रक्ताला उपयोगी पडतात ३५०. दोन सेंटिमीटर व्यासाची, ४० सेंटिमीटर लांबीची नळी लावली की तिच्यात सव्वाशे मिलिलिटर वापरलेली हवा अडकते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. उरले सव्वादोनशे. शरीर जरा खोल श्वास घेऊन हे भरून काढते. पण माणूस घाबरून धापा टाकू लागला आणि श्वास ३०० मिलिलिटरवर आला, तर ताजी हवा उरते जेमतेम पंचवीस मिलिलिटर. तीच नळी एक मीटर लांब केली, तर नेहमीच्या शांत श्वासातूनही ताज्या हवेचे जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

म्हणून मोठ्यांसाठी नळी ३५ ते ४० सेंटिमीटरच्या आसपास असावी, त्याहून लांब नको. आतला व्यास दोन सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे अंगठा जेमतेम शिरेल इतका. बारीक नळीतून हवा खेचताना दम लागतो. आणि लहान मुलांच्या बाबतीत आपली एक जुनी सवय इथे घातक ठरू शकते. बूट असोत की शाळेचा गणवेश, ‘वाढत्या अंगाचा आहे, एक नंबर मोठा घ्या’ असे म्हणून आपण खरेदी करतो. वीस किलो वजनाच्या मुलाचा एक श्वास असतो साधारण १४० मिलिलिटरचा. मोठ्यांच्या नळीत तो जवळजवळ सगळाच अडकतो. मुलांना मुलांच्याच मापाची, आखूड नळी हवी.

दातांत धरायचा भाग सिलिकॉनचा, मऊ असावा. कडक प्लास्टिक हिरड्यांना टोचते आणि अर्ध्या तासात जबडा दुखायला लागतो. कवळी असणाऱ्यांना तो नीट धरता येतो का, हे आधी तपासावे लागते. तळाशी पाणी बाहेर टाकणारी छोटी झडप असली तर नवशिक्याला सोपे जाते. टोकाला लाटेचे पाणी अडवणारी साधी टोपी पुरे. पाणी आले की आपोआप बंद होणारे तरंगते झाकण आकर्षक वाटते, पण वाळूचा कण बसून ते अडकले तर बंद होते ती हवा. त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

संपूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्यांबद्दल विचारणा बरीच होते. कोरोनाच्या पहिल्या लाटेत इटलीत असल्या मुखवट्यांना जोडण्या बसवून ते रुग्णांना श्वसनाचा आधार देण्यासाठी वापरले गेले. पण तिथे ऑक्सिजन यंत्रातून दाबाने आत येत होता. समुद्रात ते काम छातीच्या स्नायूंनाच करावे लागते. चांगल्या बनावटीच्या मुखवट्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा वेगळ्या वाटांनी जाते. स्वस्त नकलेत झडपा नीट बसत नाहीत आणि सोडलेली हवाच पुन्हा पुन्हा आत घेतली जाते. शिवाय अडचणीत नळी थुंकून टाकता येते, डोक्याला आवळलेला मुखवटा तितक्या झटकन निघत नाही. नवशिक्याने तो टाळलेला बरा.

अमेरिकेच्या हवाई राज्यात पर्यटकांच्या समुद्रातील बुडून मृत्यूंमध्ये स्नॉर्केलिंगचा वाटा मोठा आहे. तिथल्या अभ्यासकांनी एक शक्यता पुढे आणली आहे. हवा खेचायला जड जाणारी नळी आणि त्यात दमछाक, यामुळे काही जणांच्या फुप्फुसांत पाणी न गिळताही काही मिनिटांत द्रव साठतो. अचानक दम लागणे, हातपाय गळून जाणे ही त्याची खूण. आरडाओरडा होत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्यांना काही कळतही नाही. असे वाटताच नळी काढावी, उताणे व्हावे, हात वर करून मदत मागावी.

फिन्सचा, म्हणजे पायात घालायच्या पंखांचा प्रश्न यानंतर येतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेतात तेव्हा बरेचदा सोबत माणूस असतो आणि पर्यटक हवा भरलेली रिंग धरून तरंगतो. तिथे फिन्सवाचून काही अडत नाही. हवेच असतील तर भाड्याने घ्यावेत. नळी मात्र स्वतःची असावी. ती तोंडात जाणारी वस्तू आहे, आणि दिवसभरात किती जणांच्या तोंडातून आली ते कुणी सांगत नाही.

विकत घ्यायचेच तर आखूड, लवचीक पात्याचे फिन्स घ्या. लांब, कडक पाते वेग देते, पण पोटऱ्यांत गोळे आणते आणि दम वाढवते. टाचेसकट बुटासारखे बसणारे नवशिक्याला ठीक. पायाचे माप संध्याकाळी घ्यावे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घातल्यावर बोटे दुमडू नयेत, पाय उचलून झटकला तर टाच निसटू नये. पाय कमरेतून हलवायचे, सायकल मारल्यासारखे गुडघ्यातून नाही. गोळा आलाच तर फिनचे टोक धरून स्वतःकडे ओढावे.

मधुमेह जुना असेल तर फिन्सकडे जास्त लक्ष हवे. तळपायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला टाच सोलवटलेली कळत नाही. परतीच्या प्रवासात ती जखम चिघळते. अशांनी पातळ मोजे घालावेत आणि पाण्यातून आल्यावर दोन्ही पाय उजेडात बघावेत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

पूर्व विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. या आजाराच्या रुग्णांसाठी थंड पाणी, दमछाक, शरीरातले पाणी कमी होणे आणि श्वास रोखणे ही चारही वेदनेचा झटका आणणारी कारणे आहेत. त्यांनी हा खेळ टाळावा. वाहकांना सहसा त्रास होत नाही, पण दमेपर्यंत पोहू नये आणि पाणी भरपूर प्यावे. आपण रुग्ण, वाहक की दोन्हीही नाही, हे अनेकांना माहीतच नसते. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

नवे सामान आले की गोसीखुर्दच्या जलाशयात किंवा गावातल्या मामा तलावात उतरून बघण्याचा मोह होतो. तो आवरावा. गढूळ पाण्यात काचेतून काही दिसत नाही, फिन्स पाणवनस्पतींत गुरफटतात, आणि गोसीखुर्दमध्ये नागनदीमार्गे नागपूरचे सांडपाणी येते. सराव जलतरण तलावात, प्रशिक्षकासमोर, कमरेइतक्या पाण्यात करावा. तोंड पाण्यात घालून पाच मिनिटे सावकाश श्वास घ्यायचा, नळीत मुद्दाम पाणी जाऊ द्यायचे आणि एका फुंकरीने बाहेर टाकायचे. हे दहा वेळा न घाबरता जमले की नळी बॅगेत टाकावी.