मार न खाण्याची विद्या

28 एप्रिल 1952 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि जपानच्या मुख्य बेटांवरचा परकी लष्करी ताबा संपला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, 19 मे रोजी, टोकियोतल्या कोराकुएन स्टेडियमवर सुमारे 40,000 माणसं लोटली. मैदान बेसबॉलचं, पण त्या दिवशी तिथे बॉक्सिंगची रिंग उभारली होती. एका कोपऱ्यात होनोलुलूचा दादो मारिनो, फ्लायवेट गटाचा जगज्जेता. दुसऱ्या कोपऱ्यात 28 वर्षांचा योशिओ शिराई. फ्लायवेट म्हणजे वजनाची मर्यादा 112 पौंड, जेमतेम 50.8 किलो. त्या काळी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आठच वजनगट होते आणि प्रत्येक गटाचा सहसा एकच जगज्जेता असे. पंधरा फेऱ्या झाल्या, निकाल एकमतानं शिराईच्या बाजूनं लागला आणि जपानला पहिला जगज्जेता बॉक्सर मिळाला.

त्याला घडवणारा माणूस अमेरिकन होता. कालपरवापर्यंत जपानवर राज्य करणाऱ्या प्रशासनात त्यानं नोकरी केली होती आणि पेशानं तो जीवशास्त्रज्ञ होता.

हरलेल्या देशाला परत मान वर करून चालायला लावणारा माणूस, अशी शिराईची ओळख जपानमध्ये सांगितली जाते. ती रास्तच आहे. पण त्याची कारकीर्द बारकाईनं पाहिली की आणखी एक गोष्ट ठसते. देह झोकून देण्यातच मर्दुमकी आहे असं एका पिढीला शिकवलं गेलं होतं. त्याच पिढीतला हा तरुण देह जपायला शिकला आणि त्या बळावर जगज्जेता झाला.

कंबरेनं दगा दिलेला बॉक्सर

शिराईचा जन्म 23 नोव्हेंबर 1923चा, टोकियोतला. महाभूकंपानं शहर उद्ध्वस्त झालं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. 1943 साली, ऐन महायुद्धात, तो व्यावसायिक बॉक्सर झाला. सुरुवातीच्या लढती त्यानं जिंकल्या, पण लगेच नौदलाचं बोलावणं आलं. तिथे विमानांच्या देखभालीचं काम त्याच्या वाट्याला आलं. त्याच नौदलाची कोवळी पोरं विमानासकट शत्रूच्या जहाजांवर कोसळायला पाठवली जात होती. शिराई जिवंत परतला तो कंबरेचं दुखणं घेऊन.

1946 साली बॉक्सिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याचं शरीर साथ देत नव्हतं. आधीचा वेग राहिला नव्हता आणि पराभव पदरी पडू लागले. टोकियोत धान्य रेशनवर मिळत होतं आणि तेही पुरत नव्हतं. मग खेळाडूला लागणारा खुराक कुठून येणार? पंचविशीच्या आतच कारकीर्द आटोपती घ्यायची वेळ त्याच्यावर आली होती.

त्या काळच्या जपानी बॉक्सिंगचं दैवत होतं त्सुनेओ होरिगुची, ऊर्फ ‘पिस्टन’ होरिगुची. मान खाली घालून पुढे घुसायचं, समोरून येणारे ठोसे अंगावर घ्यायचे आणि दोन्ही हातांनी मारत सुटायचं, ही त्याची पद्धत. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. एक खाऊन दोन देणं, म्हणजेच जिद्द, हे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्कं बसलं होतं. उंच, सडपातळ आणि कंबर दुखणाऱ्या शिराईला ही पद्धत झेपणारी नव्हती.

शिंपल्यांचा अभ्यासक जिममध्ये येतो

1948च्या उन्हाळ्यात गिंझा भागातल्या एका जिममध्ये पन्नाशी उलटलेला एक अमेरिकन गृहस्थ सराव बघत उभा राहू लागला. डॉ. अल्विन काह्न त्याचं नाव. दोस्त राष्ट्रांच्या मुख्यालयात नैसर्गिक साधनसंपत्तीचा एक विभाग होता, त्यात तो काम करत असे. 1937 साली इलिनॉयमधल्या कासवांवर त्याचं पुस्तक निघालं होतं. जपानमधल्या मोत्यांच्या शेतीवरचा त्याचा अहवाल 1949 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे कालवं नि शिंपल्या यांच्या शेतीवरही त्यानं लिहिलं. तो स्वतः कधी नावाजलेला बॉक्सर नव्हता. पण प्राण्यांच्या हालचाली बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला शिराईच्या हालचालीत एक गोष्ट दिसली. पोराच्या अंगात उपजत टायमिंग होतं. ठोसा कधी निघावा, हे त्याच्या शरीराला आपसूक कळत होतं. बिघडलं होतं ते आतलं यंत्र, अपुऱ्या अन्नानं आणि दुखण्यानं.

काह्ननं त्याची सगळी जबाबदारी अंगावर घेतली. पहिला उपाय जेवणाचा. शिराईच्या ताटात मांस, अंडी, दूध नेमानं येऊ लागलं. दुसरा उपाय विश्रांतीचा, कंबर बरी होईपर्यंत दमानं घेण्याचा. तिसरा उपाय तंत्राचा, आणि इथे काह्ननं जपानी बॉक्सिंगची दिशाच बदलली. त्याचा आग्रह एकच होता: आधी मार चुकवायचा, मग मारायचं.

डाव्या हाताचं काम

हे तंत्र कसं चालतं, ते जरा जवळून पाहू. शिराईची उंची सुमारे साडेपाच फूट. पन्नास किलोच्या गटात ही उंची म्हणजे मोठंच भांडवल, कारण उंचीबरोबर हात लांब येतात. उजव्या हातानं लढणारा बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो. तो पुढचा हात सरळ, झटक्यात बाहेर काढून तितक्याच झटक्यात परत हनुवटीपाशी आणायचा, हा जॅब. एकटा जॅब सहसा कुणाला आडवा करत नाही. त्याचं काम वेगळं असतं. पुढे येणाऱ्याचं पाऊल तो अडवतो, डोकं मागे ढकलतो, नजर विस्कटतो आणि दोघांमधलं अंतर आपल्या मर्जीनं ठेवतो. समोरचा चिडून लांबून ठोसा फेकतो. तेव्हा अर्धं पाऊल मागे सरायचं, ठोसा हवेत जाऊ द्यायचा, आणि त्याचा तोल सावरायच्या आत उजवा हात सरळ घालायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण पंधरा फेऱ्या, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, हेच न चुकता करायचं तर पायांत दम लागतो आणि डोकं थंड लागतं. मार खाऊन खवळून उठणाऱ्याला टाळ्या चटकन मिळतात. मार चुकवणाऱ्याचं कसब प्रेक्षकाला उमगायला वेळ लागतो.

फळ मात्र लवकर दिसलं. जानेवारी 1949मध्ये योइचिरो हानादाला पाचव्या फेरीत नॉकआउट करून शिराई जपानचा फ्लायवेट विजेता झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यानं हिरोशी होरिगुचीला हरवून वरच्या बँटमवेट गटाचंही राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. हा हिरोशी म्हणजे ‘पिस्टन’चा धाकटा भाऊ. एका पद्धतीचा काळ संपून दुसरीचा सुरू झाल्याची याहून ठळक खूण सापडणार नाही. ‘पिस्टन’ होरिगुची पुढच्याच वर्षी, 1950च्या ऑक्टोबरात, रेल्वेखाली सापडून गेला. वय अवघं 36.

मारिनोशी गाठ

मारिनोशी शिराईची पहिली गाठ मे 1951मध्ये टोकियोत पडली. विजेतेपद पणाला नव्हतं. शिराई थोडक्यात हरला, पण जगज्जेत्यासमोर आपण उभे राहू शकतो हे त्याला कळलं. डिसेंबरात होनोलुलूत, मारिनोच्या घरच्या मैदानावर, शिराईनं त्याला सातव्या फेरीत गारद केलं. आता विजेतेपदाची लढत टाळता येण्यासारखी नव्हती.

जागतिक लढत भरवायची तर देशात खेळाचं नियमन करणारी संस्था हवी. त्या निकडीतून 21 एप्रिल 1952 रोजी जपान बॉक्सिंग कमिशन स्थापन झालं. लढतीआधी काह्ननं शिराईला बजावलं, की केवळ स्वतःसाठी लढतो आहेस असं समजू नकोस. हरलेल्या या देशाचा गेलेला आत्मविश्वास तुझ्या विजयानं परत येऊ शकतो. जेत्या देशाच्या माणसानं हे बोलावं, आणि मनापासून बोलावं, यात त्या दोघांच्या नात्याची सगळी उंची आली.

मारिनो तेव्हा पस्तिशी ओलांडलेला, पण अनुभवानं मुरलेला होता. लढतीत शिराईवर कठीण प्रसंगही आले. तरी तो आपल्या पद्धतीवरून ढळला नाही आणि डाव्या हातानं लढत परत ताब्यात घेत राहिला.

त्याच वर्षीच्या जुलैत हेलसिंकीला जपान युद्धानंतर प्रथमच उन्हाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याला तिथे एकच सुवर्णपदक मिळालं, तेही हलक्या वजनगटातल्या शोहाची इशी या मल्लाला. मराठी वाचकाला ही कुस्ती ठाऊक असायला हवी. बँटमवेटच्या त्याच गटात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं आणि ते इशीशीही लढले होते.

चार बचाव आणि एक बुटका अर्जेंटिनी

शिराईनं विजेतेपद चार वेळा राखलं. नोव्हेंबर 1952मध्ये पुन्हा मारिनो, मे 1953मध्ये फिलिपिन्सचा टॅनी काम्पो, ऑक्टोबर 1953मध्ये इंग्लंडचा टेरी ॲलन, मे 1954मध्ये फिलिपिन्सचाच लिओ एस्पिनोसा. चारही लढती पंधरा फेऱ्या चालल्या आणि गुणांवर जिंकल्या. 1953 सालीच जपानमध्ये टेलिव्हिजन सुरू झालं होतं. घरात संच घेणं सामान्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून चौकांत नि स्टेशनांसमोर संच लावले गेले. ॲलनबरोबरची लढत पाहायला त्यांच्यापुढे माणसांची रीघ लागली.

ही सद्दी संपवली पास्क्वाल पेरेसनं. 1948च्या लंडन ऑलिंपिकचा हा सुवर्णपदक विजेता पाच फुटांहूनही बुटका होता. लांब हाताच्या आत शिरून मारा कसा करायचा, याचं उत्तर त्याच्याकडे होतं. जुलै 1954मध्ये ब्वेनोस आयरेसला विजेतेपदाविना झालेली लढत बरोबरीत सुटली. 26 नोव्हेंबरला टोकियोत पेरेसनं गुणांवर विजेतेपद जिंकलं आणि तो अर्जेंटिनाचा पहिला जगज्जेता ठरला. 30 मे 1955च्या परतीच्या लढतीत शिराई पाचव्या फेरीत नॉकआउट झाला. एकतिसाव्या वर्षी त्यानं हातमोजे उतरवले. 58 लढती, 46 विजय, 8 पराभव, 4 बरोबरी.

देणं फेडणारा

बॉक्सिंगच्या इतिहासात मॅनेजरनं बॉक्सरला लुबाडल्याच्या कहाण्या पोत्यानं सापडतात. इथे उलटं घडलं. शिराई निवृत्त झाल्यावरही काह्न जपान सोडून गेला नाही. त्याला मूलबाळ नव्हतं. शिराई आणि त्याच्या पत्नीनं म्हातारपणी त्याची घरच्या माणसासारखी सेवा केली, ती 1971 साली त्याच्या मृत्यूपर्यंत. एकेकाळी ज्यानं ताटात अंडं वाढलं, त्याच्या म्हातारपणी त्याचं ताट वाढायची पाळी शिष्याची होती, आणि शिष्यानं ती चुकवली नाही.

शिराईनंतर दुसरा जपानी जगज्जेता व्हायला आठ वर्षं जावी लागली. ऑक्टोबर 1962मध्ये ‘फायटिंग’ हारादानं हेच फ्लायवेट विजेतेपद मिळवलं. मग मात्र रांगच लागली. 1995 साली शिराईनं योको गुशिकेनबरोबर टोकियोत जिम काढली. गुशिकेन म्हणजे लाइट फ्लायवेटचं विजेतेपद लागोपाठ तेरा वेळा राखणारा गडी. शिराई डिसेंबर 2003मध्ये, 80व्या वर्षी, गेला. त्या जिमचा दाइगो हिगा 2017 साली फ्लायवेटचाच जगज्जेता झाला. जिम 2020मध्ये बंद झाली. जुन्या कोराकुएनशेजारी उभ्या राहिलेल्या टोकियो डोममध्ये मे 2024मध्ये नाओया इनोउए लढला, तेव्हा जपान हलक्या वजनगटांतली महासत्ता झालेला होता. 19 मे हा दिवस तिथे ‘बॉक्सिंग दिन’ म्हणून पाळतात.

बॉक्सिंग हा धोक्याचा खेळ आहे आणि त्यात डोक्याला होणारी इजा अनेकदा भरून येत नाही. म्हणून शिराईच्या विजेतेपदाइतकंच त्याचं पुढचं दीर्घ आयुष्यही मोलाचं आहे. आपल्याकडेही आता गावोगावची मुलंमुली हातमोजे चढवू लागली आहेत. त्यांना शिकवणाऱ्यांनी पोरांना पुढे घुसायला सांगण्याआधी काह्नचा क्रम पाळावा: आधी पोटभर अन्न, मग दुखण्यावर उपचार, मग बचाव, आणि सगळ्यात शेवटी ठोसा. या क्रमानं एक जगज्जेता घडलेला आहे.