क्युअर कार्यक्रम

क्युअर हा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये सुरू केलेला प्रशिक्षण व अर्थसाहाय्याचा कार्यक्रम आहे. ‘कंटिन्युइंग अम्ब्रेला ऑफ रिसर्च एक्सपीरियन्सेस’ या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांवरून हे लघुनाम तयार झाले असून इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘रोगमुक्ती’ असाही होतो. कर्करोग संशोधनात ज्या समाजगटांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा कमी आहे, त्या गटांतील विद्यार्थी व नवोदित शास्त्रज्ञांना शालेय वयापासून स्वतंत्र संशोधक होईपर्यंत टप्प्याटप्प्याने आधार देणे, हा या कार्यक्रमाचा उद्देश होता.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय कर्करोग संस्थेची स्थापना १९३७ मध्ये झाली. ही संस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा (एनआयएच) एक भाग आहे. अमेरिकेत कर्करोगाचा भार सर्व समाजगटांवर सारखा पडत नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षा काहीसे कमी असूनही त्यापासून होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने होणारा कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर श्वेतवर्णीय पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे. अशा तफावतींचा अभ्यास करण्यासाठी संस्थेने २००१ मध्ये कर्करोगविषयक आरोग्य विषमता घटवण्यासाठी एक स्वतंत्र केंद्र स्थापन केले. क्युअर कार्यक्रम याच केंद्रामार्फत चालवला जाऊ लागला. ज्या समाजांना या रोगाची झळ अधिक बसते, त्या समाजांतून संशोधक घडले तर संशोधनाचे प्रश्न आणि चाचण्यांतील सहभाग दोन्ही व्यापक होतील, ही त्यामागील भूमिका होती.

नवोदित काळातील अडचण

अमेरिकेतील जीववैद्यकीय शास्त्रज्ञाच्या वाटचालीत पीएच.डी. किंवा वैद्यकीय प्रशिक्षण संपल्यापासून पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळेपर्यंतचा काळ सर्वांत अस्थिर मानला जातो. या अनुदानाचा प्रमुख प्रकार ‘आर०१’ या नावाने ओळखला जातो. त्यासाठी स्पर्धा करायची तर प्राथमिक निष्कर्ष हाती असावे लागतात. ते मिळवण्यासाठी प्रयोगशाळा, मनुष्यबळ आणि मोकळा वेळ लागतो, आणि या गोष्टी बहुधा अनुदानातूनच उभ्या राहतात. घरची आर्थिक पाठराखण, ओळखीचे मार्गदर्शक किंवा साधनसंपन्न विद्यापीठ यांपैकी काहीच पाठीशी नसलेले संशोधक याच टप्प्यावर क्षेत्र सोडून जाण्याची शक्यता अधिक असते. पदवी मिळाल्यापासून किंवा वैद्यकीय निवासी प्रशिक्षण संपल्यापासून १० वर्षांच्या आत असलेल्या आणि असे मोठे अनुदान अद्याप न मिळालेल्या संशोधकाला एनआयएच ‘प्रारंभिक टप्प्यातील संशोधक’ मानते.

स्वरूप

क्युअरअंतर्गत पुढील प्रकारचे साहाय्य देण्यात आले :

पूरक अनुदान – आधीच अनुदान मिळालेल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या प्रकल्पात विद्यार्थ्याला किंवा नवोदित संशोधकाला सामावून घेण्यासाठी दिलेली जादा रक्कम.

एफ३१ – पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती.

के०१ आणि के०८ – मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या अनुक्रमे शास्त्रज्ञांसाठी व चिकित्सक-शास्त्रज्ञांसाठी वेतन व संशोधन खर्च.

के२२ – मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याच्या संक्रमणकाळासाठी अनुदान.

के०१ व के०८ या अनुदानांची मुख्य अट वेळेविषयी आहे. अनुदानधारकाने आपल्या पूर्णवेळ कामाचा किमान ७५ टक्के भाग संशोधन व प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा लागतो. त्यामुळे रुग्णसेवा किंवा अध्यापनाचा अतिरिक्त बोजा टाकण्यावर रुग्णालयाला वा विद्यापीठाला मर्यादा येते. अनुदानाच्या रकमेइतकेच महत्त्व या संरक्षित वेळेला आहे.

पात्रता

एनआयएचने २०१९ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकन व अलास्कातील आदिवासी, तसेच हवाई व इतर प्रशांत बेटांवरील मूळ रहिवासी यांची गणना अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांत होत असे. अपंग व्यक्ती आणि आर्थिक-सामाजिक दृष्ट्या वंचित पार्श्वभूमीतून आलेल्या व्यक्ती यांचाही या व्याख्येत समावेश होता. भारतीयांसह आशियाई वंशाच्या व्यक्ती केवळ वंशाच्या आधारे यात मोडत नसत. के०१ व के०८ अनुदानांसाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना आवश्यक असतो.

अनुदानवाटपातील तफावत

‘सायन्स’ या नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञ डोना गिंथर व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने या विषयाकडे लक्ष वेधले. शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशने इत्यादी घटक विचारात घेतल्यानंतरही कृष्णवर्णीय अर्जदारांना एनआयएचचे अनुदान मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीयांपेक्षा १० टक्के बिंदूंनी कमी असल्याचे त्यात आढळले. २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका विश्लेषणानुसार या तफावतीचा २० टक्क्यांहून अधिक भाग संशोधनविषयाच्या निवडीशी निगडित होता. समाजाचे आरोग्य आणि आरोग्य विषमता यांसारख्या विषयांवर कृष्णवर्णीय अर्जदारांचे प्रस्ताव तुलनेने अधिक होते आणि त्याच विषयांना अनुदान मिळण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे ज्या प्रश्नांसाठी असे संशोधक हवे होते, तेच प्रश्न निवडणे त्यांना स्पर्धेत महाग पडत होते.

इतर उपक्रम

खासगी क्षेत्रातही असे प्रयत्न झाले. ब्रिस्टल मायर्स स्क्विब प्रतिष्ठानने २०२० मध्ये चिकित्सालयीन चाचण्यांत विविधता आणू इच्छिणाऱ्या नवोदित डॉक्टरांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर केला. पुढे त्याला कर्करोग संशोधक रॉबर्ट विन यांचे नाव देण्यात आले. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हॉवर्ड विद्यापीठ, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय, मोरहाउस वैद्यकीय विद्यालय आणि चार्ल्स ड्र्यू विद्यापीठ या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची परंपरा असलेल्या संस्थांना कर्करोग संशोधक घडवण्यासाठी अनुदाने दिली.

टीका आणि २०२५ नंतरची स्थिती

अशा योजनांवर दोन बाजूंनी टीका झाली आहे. व्यक्तीला प्रशिक्षण दिले तरी प्रस्तावांच्या समीक्षेची पद्धत तीच राहते, त्यामुळे अडथळा पुढच्या टप्प्यावर सरकतो, असे काही अभ्यासक म्हणतात. वंशाच्या आधारे पात्रता ठरवणे हाच भेदभाव आहे, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी संघराज्य शासनाचे विविधताविषयक कार्यक्रम बंद करण्याचे आदेश दिले. त्यानंतर एनआयएचने विविधतेशी निगडित अनेक अनुदानघोषणा मागे घेतल्या आणि चालू असलेली शेकडो अनुदाने रद्द केली. जून २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी त्यांच्यासमोरील दाव्यांतील अनुदानांचे रद्दीकरण बेकायदेशीर ठरवले. मात्र २१ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या निर्णयाच्या अनुदानविषयक भागाला स्थगिती दिली. अनुदानाच्या रकमेचे दावे संघीय दावे न्यायालयात चालावेत, असे मत त्यात मांडण्यात आले. अशा निर्णयांचा फटका नवोदितांना अधिक बसतो. प्रस्थापित प्रयोगशाळा बहुधा अनेक अनुदानांवर चालते, तर नवोदित संशोधकाचे वेतन, प्रकल्प आणि पुढील अर्जाची तयारी अनेकदा एकाच अनुदानावर अवलंबून असते.