कल्याणच्या नांवाचें प्रकिण्व

रेशमी व लोंकरी कपड्यांच्या पेटींत डांबराच्या गोळ्या घालण्याची चाल आपल्या घरांतून चांगलीच रुळली आहे. घरीं बाळ आलें कीं त्याच पेटींतील दुपटीं निघतात. बहुतेक बाळांस त्यांपासून कांहीं होत नाहीं. पण एखाद्यास मात्र अशी कावीळ होते कीं, वेळींच इलाज न झाल्यास मेंदूस कायमची इजा पोंचावी. गोळी तीच, दुपटेंहि तसेंच. मग हा भेद कां? त्याचें कारण बाळाच्या रक्तांत असतें, आणि त्या कारणाच्या एका प्रकारास कल्याणचें नांव आहे. मुलुंड-घाटकोपरच्या आमच्या वाचकांस गाडीच्या पाटीवर रोज दिसतें तेंच हें कल्याण.

देहांतील रासायनिक क्रिया घडविणाऱ्या द्रव्यांस इंग्रजींत एन्झाइम म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'खमिरांत' असा आहे. आपल्याकडे खमिरास 'किण्व' हा जुना शब्द असून, किण्वापासून मद उत्पन्न होतो हा चार्वाकमताच्या चर्चेंतील दृष्टांत संस्कृतज्ञांस परिचित आहे. म्हणून 'विकर' ह्या पाठ्यपुस्तकी शब्दापेक्षां आम्हांस 'प्रकिण्व' बरें वाटतें. असो.

प्रस्तुत प्रकिण्वाचें नांव ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. डॉक्टर त्यास जी-६-पीडी म्हणतात. साखरेवर क्रिया करतांना तें एनएडीपीएच नांवाचें द्रव्य निर्माण करतें, व त्याच्या बळावर रक्तांतील तांबड्या पेशी दाहक द्रव्यांपासून आपला बचाव करतात. इतर पेशींस हें द्रव्य मिळविण्याचे आणखीहि मार्ग आहेत. तांबड्या पेशीस हा एकच. प्रकिण्व दुबळें असलें तरी एऱ्हवीं सहसा बिघडत नाहीं. पण डांबरगोळीचें नॅफ्थलीन किंवा हिवतापावरील प्रायमाक्वीन शरीरांत गेलें कीं पेशी फुटूं लागतात. दोष क्ष-गुणसूत्रावर असल्यामुळें मुलग्यांस तो आईकडून येतो व त्यांच्यांतच अधिक दिसतो. जगांत सुमारें ४० कोटी लोकांत तो असावा, असें मानतात.

१९८४ सालीं एका कोळी कुटुंबांत ह्या प्रकिण्वाचा एक नवा दुबळा प्रकार आढळल्याचें प्रसिद्ध झालें व त्यास 'जी-६-पीडी कल्याण' असें नांव मिळालें. त्या काळीं असे प्रकार ओळखावयाचे ते रक्तांतून काढलेल्या अल्पशा प्रकिण्वाच्या वर्तनावरून. उदाहरणार्थ, विजेच्या प्रवाहांत तें किती वेगानें सरकतें ह्यावरून. अशा रीतीनें शेंकडों नांवें झालीं. १९९२ मध्यें जनुक वाचून पाहिलें, तेव्हां 'कल्याण' आणि 'केरळ' हे निराळे मानलेले दोन प्रकार एकच निघाले! ५१५ दुव्यांच्या सांखळींत ३१७ व्या ठिकाणीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं लायसिन आलें होतें, दोष एवढाच.

त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका कामांत मनुष्याचें हें प्रकिण्व ई. कोलाय नांवाच्या जंतूकडून करवून घेण्यांत आलें. पोथीचा लहिया अर्थ न कळतांहि पुढें येईल तें उतरून काढतो. तसा हा जंतु मनुष्याचें जनुक आपलेंच समजून त्याबरहुकूम प्रकिण्व बनवितो. त्याचें स्वतःचें प्रकिण्व मिसळूं नये म्हणून, ज्याच्यांत तें नाहीं असाच वाण निवडला होता. पोथींत एक अक्षर मुद्दाम बदललें तर लहिया तेंहि इमानानें उतरवितो. म्हणून कल्याणचा दोष रोग्याच्या रक्ताचा थेंबहि न घेतां प्रयोगशाळेंत निर्माण करतां येतो. २०१८ मध्यें अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं 'कँटन' नांवाच्या दुबळ्या प्रकारास सावरून धरणारें एजी-१ हें द्रव्य शोधलें. तें अद्याप औषध झालेलें नाहीं. मग कुपींतलें प्रकिण्वच टोंचून घेतलें तर? त्यानें भागत नाहीं. तें लागतें तांबड्या पेशीच्या आंत, आणि बाहेरून तें आंत शिरत नाहीं.

पावसाळ्यांत आपल्या उपनगरांतून हिवताप येतोच. त्याच्या व्हायव्हॅक्स प्रकारावर प्रायमाक्वीन १४ दिवस देतात. तें सुरू करण्यापूर्वीं जी-६-पीडीची तपासणी व्हावी, असें डॉक्टरांस निःसंकोच सांगावें. थोडेंसें रक्त पुरतें. मात्र पेशी फुटून गेल्यावर लगेच केलेली तपासणी फसवी ठरूं शकते, कारण त्या वेळीं रक्तांत नव्या पेशींचा भरणा असतो व त्यांत प्रकिण्व अधिक असतें. ती दोन-तीन महिन्यांनीं पुन्हा करावी. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी मुळींच घालूं नये.